पाळी नसतानाचं पॅड

कर्जतमधल्या आमच्या मेडिकलमध्ये पॅड न्यायला येणाऱ्या बायकांत पन्नाशी ओलांडलेल्या किती असतात, हे सांगितलं तर तुमच्यापैकी अनेकांना खरं वाटणार नाही. बहुतेक जणी आधी "सुनेला पाहिजे", "पोरीसाठी नेते" असं सांगून टाकतात. पोरीला कोणतं लागतं विचारलं की थांबतात, दुकानात दुसरं कुणी नाही ना ते बघतात, आणि मग हळूच म्हणतात, "वो सबसे लंबावाला दे बेटी, खाँसी आयी तो कपडे खराब होते."

डी. फार्म. करून चार वर्षं मी या काउंटरवर बसते आहे. तालुक्याचं गाव असल्यामुळे राशीन, मिरजगावकडून, पलीकडे आष्टीच्या बाजूनेही माणसं दवाखान्याला, तहसीलला कर्जतला येतात. स्वतःच्या गावात दुकानदार ओळखीचा असतो, म्हणून बायका पॅड इथून नेतात. कर्जतच्या बायका याच कारणासाठी नगरहून किंवा बारामतीहून आणत असतील. पॅड वापरणाऱ्यांत पाळी आलेल्या मुली आहेतच. पण बाळंतिणी आहेत, अंगावरून पांढरं जाणाऱ्या पंचवीस-तीस वर्षांच्या बायका आहेत, हसलं-शिंकलं की लघवी सुटणाऱ्या आहेत, पिशवीचं ऑपरेशन होऊनही ओलं राहणाऱ्या आहेत. भगंदराची जखम वाहते म्हणून नेणारे आहेत. आणि प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेल्या सासऱ्यासाठी पॅड नेणाऱ्या सुना आहेत. पुरुष स्वतः कधी मागत नाहीत.

या सगळ्यांबद्दल आपण बोलत नाही. पाळीबद्दल निदान बोलायला लागलो. शाळेत ताई येऊन सांगून जातात, २८ मे रोजी मासिक पाळी स्वच्छता दिनाचे स्टेटस पडतात, पॅडवर सिनेमा निघाला, तोही घरात सगळ्यांनी बसून बघितला. मला याचा आनंद आहे. पण त्यातून एक समज पक्का झाला, की पॅड म्हणजे पाळी. पाळी नसताना जी पॅड लावते तिला स्वतःलाच काहीतरी वावगं करतोय असं वाटतं. ती कुणाला सांगत नाही, दाखवत नाही, दुखणं अंगावर काढते. पॅडने कपडे वाचतात, पण रोग तसाच राहतो. माझा सगळा आक्षेप एवढ्याच गोष्टीला आहे.

मुळात कोटेक्सच्या पॅडचं साहित्य पाळीसाठी जन्मालाच आलेलं नाही. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला कापूस पुरेना. तेव्हा अमेरिकेतल्या किंबर्ली-क्लार्क कंपनीचं लाकडाच्या लगद्यापासून केलेलं सेल्युकॉटन नावाचं शोषक कापड पट्ट्यांसाठी वापरलं गेलं. युद्धावरच्या नर्सनी ते पाळीसाठी वापरून बघितलं. युद्ध संपल्यावर कंपनीने तेच साहित्य १९२० साली कोटेक्स या नावाने बाजारात आणलं. म्हणजे ते आधी मलमपट्टी होतं आणि नंतर पाळीचं पॅड झालं. अंगातून काही वाहत असेल तर ते टिपायचं साधन, एवढाच त्याचा अर्थ. कशासाठी लावलं याची लाज वाटायचं काही कारण नाही. का वाहतंय हे मात्र विचारायला हवं.

सरकारचाही हिशेब पाळीपाशीच थांबतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाळीत काय वापरता हा प्रश्न १५ ते २४ वयाच्या मुलींना विचारला गेला. पंचविशीनंतर बाई काय वापरते, कशासाठी वापरते, याची त्यात नोंद नाही. २०११ मध्ये 'फ्री डेज' नावाची सहा रुपयांना सहा पॅडची पाकिटं आशाताईंमार्फत आली, ती किशोरवयीन मुलींसाठी. ८ मार्च २०१८ ला महाराष्ट्रात अस्मिता योजना सुरू झाली, त्यात जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. चांगल्याच योजना. पण ज्या घरातल्या मुलीला ही पॅड मिळाली, त्याच घरात तिची आई मुलीच्या पाकिटातलं एखादं काढून घेत होती, हे कोणत्या रजिस्टरमध्ये चढणार? जनऔषधी केंद्रात ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक पॅड मिळतं, तिथे वय कुणी विचारत नाही, एवढी एक सोय.

कराची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पॅडवर १२ टक्के कर होता. देशभर ओरड झाली आणि जुलै २०१८ मध्ये तो शून्य झाला. रुग्णांच्या डायपरवरचा १२ टक्के मात्र तसाच राहिला, तो सप्टेंबर २०२५ मध्ये पाच टक्क्यांवर आला. म्हणजे रक्ताला कर माफ आणि लघवीला चालू. हा भेद कुणी मुद्दाम केला असं मी म्हणत नाही. पाळीबद्दल बोलायला बायका रस्त्यावर आल्या, लघवीबद्दल बोलायला कोण येणार? ज्या विषयावर माणसं बोलत नाहीत त्याचा कर कमी होत नाही, दुसरं काय.

आता पॅड काय करू शकतं आणि काय नाही, ते दुकानातल्या माणसाच्या नजरेने सांगते. सॅनिटरी पॅडसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ५४०५ हे मानक आहे. १९८० च्या त्या मानकात शोषणाची चाचणी अशी होती, की मिनिटाला १५ मिलिलिटर या वेगाने ३० मिलिलिटर द्रव सोडला तर पॅडने तो शोषून घ्यायला हवा. पाळीला हे पुरतं, कारण अख्ख्या पाळीत मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, तेही सावकाश, चार-पाच दिवसांत. लघवी मिनिटाच्या हिशेबात येत नाही, ती सेकंदाच्या हिशेबात येते. खोकल्याच्या एका उबळीत जे सुटतं ते पॅडच्या वरच्या थरात शिरायच्या आत बाजूने वाहून जातं. मग बायका दोन पॅड एकावर एक लावतात, खाली कपडा घडी करून ठेवतात, आणि महाग आहे म्हणून तेच दिवसभर ठेवतात. लघवी अंगाला लागून राहिली की कातडी सोलवटते, खाज सुटते, बुरशी होते. ती खाज पांढऱ्या पाण्याची समजून वेगळीच गोळी घेतली जाते. लघवीसाठी वेगळी पॅड मिळतात, ती पटकन आणि जास्त शोषतात, वासही धरून ठेवतात. ज्यांना खरंच लागतात त्यांनी ती मागावीत. आमच्यासारख्या दुकानात ती ठेवलेली नसतात, कारण कुणी मागत नाही. आणि कुणी मागत नाही, कारण ती असतात हेच माहीत नाही.

पण पॅड बदलण्याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे. खोकताना, हसताना, हंडा उचलताना लघवी सुटणं हे म्हातारपण नव्हे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, मूत्राशय आणि गर्भाशय त्या झोळीवर टेकलेलं असतं. बाळंतपणात ती ताणली जाते, वर बारक्या वयातली चार-पाच बाळंतपणं, लगेच उचललेले हंडे, जुना खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेलं वजन. झोळी सैल पडली की वरून दाब आला तर लघवी निसटते. जास्तच सैल पडली तर अंग बाहेर येतं. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात अजून टँकरची वाट बघावी लागते आणि पाणी बाईच वाहते, तिथे हे दुखणं घरोघर असणार, त्यात नवल काय?

आणि त्यावरचा पहिला इलाज फुकट आहे. अमेरिकेतले डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला. लघवी आणि वायू अडवण्यासाठी जे स्नायू आवळतो, तेच आवळून धरायचे, पाच-सात सेकंद मोजायचे, सोडायचे. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट आणि मांड्या सैल ठेवायच्या, श्वास चालू ठेवायचा. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. पोळ्या लाटताना करा, टीव्हीपुढे बसून करा, समोरच्याला कळणारही नाही. काही जणींना नुसत्या याने फरक पडतो, काहींना फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं लागतं, काहींना औषध किंवा ऑपरेशन. सारखी घाई लागत असेल, संडासापर्यंत पोचेपर्यंत दम निघत नसेल तर तो थोडा वेगळा प्रकार आहे. त्यात आधी लघवी तपासायची आणि साखर तपासायची. आमच्याकडे पॅड घेणाऱ्या किती जणींना डायबेटिस आहे, हे त्यांच्याच दुसऱ्या चिठ्ठीवरून मला कळतं. त्या दोन्हींचा संबंध त्यांना कुणी सांगितलेला नसतो.

यावर बायकांनी स्वतः शोधलेला उपाय म्हणजे पाणी न पिणं. लग्नाला जायचं म्हणून सकाळपासून घोटभर चहा. एस.टी.ने नगरला जायचं म्हणून तोही नाही. त्याने लघवी घट्ट होते, जळजळते, संसर्ग होतो, आणि घाई आणखी वाढते. मे महिन्यात, कर्जतच्या उन्हात.

पांढऱ्या पाण्याची कथा याहून गंभीर आहे. मराठीत त्याला अंगावरून जाणं म्हणतात, धुपणी म्हणतात, आपल्या घरांत सफेद पानी. थोडं पांढरं किंवा पारदर्शक, वास नसलेलं पाणी जाणं हे नाकाला शेंबूड असण्याइतकं साधं आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत, गरोदरपणात ते वाढतंही. पण दह्यासारखं घट्ट आणि भयंकर खाज, किंवा माशासारखा वास, किंवा हिरवट फेसाळ, असं असेल तर तो संसर्ग आहे आणि बहुतेक वेळा थोड्या दिवसांच्या, स्वस्त औषधाने जातो. काही प्रकारांत नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. हे वाक्य ऐकून जो शांतता पाळतो तो नवरा, हेही मी पाहिलं आहे. रोज पॅड लावून हा संसर्ग झाकला जातो. सुगंधी पॅड असेल तर कातडीची आग वेगळी.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, असं जग धरून चाललं होतं त्या काळातला हा अभ्यास. आज गावोगावी मेडिकल आहे, पॅड आहे. ओलं वाटणं थांबलं. तपासणी होते का, हे मात्र तुम्ही तुमच्या अम्मीला विचारून बघा.

तपासणी न झालेली ही ओल शेवटी कुठे जाते, ते आमच्या शेजारच्या जिल्ह्याने दाखवलं. कर्जतच्या ईशान्येला आष्टी, तिथून बीड जिल्हा सुरू होतो. तिथले ऊसतोड कामगार हंगामाला कोयता घेऊन नगर, पुणे, पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे येतात, आमच्या रस्त्यांवरून त्यांच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जातात. २०१९ मध्ये या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जातात अशा बातम्या आल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कित्येकींची तक्रार काय होती? अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, पाळीला त्रास होतो. पालावर संडास नाही, धुवायला पाणी नाही, खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. मग कुणीतरी म्हणतं, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाक, कटकट जाईल. ज्याला पाच-सात दिवसांच्या गोळ्या पुरल्या असत्या, त्यासाठी पस्तिशीच्या आत पिशवी गेली, कुणाकुणाचे बीजकोशही गेले. मग कमी वयात हाडं ठिसूळ होणं, अंगाची आग, आणि काहींना पुन्हा लघवीची तक्रार. त्या बाईच्या हातात परत पॅडच.

सगळी ऑपरेशनं चुकीची असतात असं नव्हे, मोठी गाठ किंवा कॅन्सर असेल तर पिशवी काढावीच लागते. पण नुसतं पांढरं जातं म्हणून कुणी ऑपरेशनची तारीख दिली, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घरातल्या बाईला टेबलावर झोपवू नका.

दोन वेळा अशा आहेत जिथे पॅड हे इशाऱ्याचं साधन होतं, आणि तेवढ्या सगळ्यांनी लक्षात ठेवाव्यात, मुलग्यांनीही. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त जातं, ते हळूहळू कमी आणि फिकट होत जातं. पण मोठं पॅड तासाभरात पूर्ण भिजायला लागलं, मोठ्या गाठी पडू लागल्या, चक्कर यायला लागली तर सासू काय म्हणते याची वाट न बघता १०८ ला फोन करायचा. आणि दुसरी वेळ म्हणजे पाळी जाऊन वर्ष होऊन गेल्यावर परत लाल डाग दिसणं. आमच्याकडे हे "पाळी परत आली" म्हणून, क्वचित आनंदाने, सांगितलं जातं. पाळी अशी परत येत नाही. कारण बऱ्याचदा साधं निघतं, पण पिशवीचा किंवा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असाच, एका डागाने सुरू होतो. त्या बाईला मी पॅड देते आणि सोबत डॉक्टरकडे पाठवते. नुसतं पॅड देऊन पाठवणं मला जमत नाही.

आता आपल्या घरांत या सगळ्याला जी आणखी एक गाठ असते, तिच्याकडे येते. नमाज.

हैजचे मसले आपल्याला माहीत असतात. मुलगी वयात आली की दादी सांगते, तालीममध्ये आपा सांगतात, छोट्या पुस्तिका असतात. पण पाळी नाही आणि तरी कपडे पाक राहत नाहीत, तेव्हा काय? मी अशा बायका ओळखते ज्यांनी साठीत नमाज सोडून दिली आहे. आळसाने नाही. रुकूत वाकलं की थेंब येतो, सजद्यात गेलं की येतो, वुजू पुन्हा, कपडे पुन्हा, आणि एका नमाजीत तीनदा असं झालं की बाई मुसल्ला घडी करून ठेवते. वर मनात टोचणी, की आपण नापाक आहोत. लोकांत जाणं कमी होतं, इज्तिमाला जाणं बंद होतं, हजचा अर्ज भरायचा तर नवऱ्याला काय सांगायचं कळत नाही. "आता मला झेपत नाही" एवढंच ती सांगते, आणि आपण मान डोलावतो.

मी आलिमा नाही, फार्मासिस्ट आहे. फतवा देणं माझं काम नाही. पण जे फिकहच्या साध्या पुस्तकांत सापडतं तेही आपल्या बायकांपर्यंत पोचलेलं नाही, हे मला सहन होत नाही. हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांचं रक्त थांबत नसे. मी नमाज सोडून देऊ का, असं त्यांनी प्रेषितांना (स.) विचारलं. नाही, ही पाळी नव्हे, ही एक नस आहे, अशा अर्थाचं उत्तर त्यांना मिळालं. पाळीचे दिवस सोडायचे, बाकी दिवस नमाज पढायची. हजरत हमना बिन्त जहश (रजि.) यांना तर रक्त फार जाई, तेव्हा प्रेषितांनी (स.) कापूस लावायला सांगितलं. त्याहून जास्त जातं म्हणाल्यावर कपडा बांधायला सांगितलं. याला इस्तिहाजा म्हणतात. म्हणजे पाळी नसतानाच्या पॅडचा सल्ला आपल्या परंपरेत चौदाशे वर्षांपूर्वीच, संकोच न करता, दिलेला आहे. प्रेषितांच्या एका पत्नीने या अवस्थेत मशिदीत एतिकाफ केला आणि कधी खाली तसराळं ठेवावं लागे, हे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेलं बुखारीत नोंदलेलं आहे. मशिदीत, तसराळं ठेवून. आणि आपण एका पॅडसाठी नमाज सोडतो आहोत.

लघवी, सतत वाहणारी जखम, न थांबणारा वायू या सगळ्यांना हाच नियम पुढे लावला गेला. ज्याला एका नमाजीच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज पढण्याइतकीही सवड मिळत नाही, तो हनफी फिकहमध्ये माजूर. त्याने वेळ लागल्यावर वुजू करायचा, त्या वेळेपुरता तो वुजू त्या आजारामुळे तुटत नाही. कोकणातले आपले लोक शाफई आहेत, त्यांच्यात प्रत्येक फर्जसाठी वेगळा वुजू सांगितला आहे. फक्त खोकल्यावर कधीमधी थेंब येत असेल तर तेवढ्याने माणूस माजूर होत नाही, तिथे धुवून वुजू परत करावा लागतो. पांढऱ्या पाण्याच्या बाबतीत उलेमांत मतभेद आहेत. तुमचं नेमकं काय होतं, ते सांगून आलिमांना विचारा. पण विचारा. हा प्रश्न विचारला की समोरचा लाजेल या भीतीने बाई वर्षानुवर्षं गप्प बसते. आणि मदरशात शिकणाऱ्या मुलींना माझं सांगणं आहे, की हा बाब परीक्षेपुरता पाठ करू नका, आपल्या नानीला जाऊन सांगा.

कुरआन लिहून घेणारे सहाबी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना म्हातारपणी लघवी धरवत नसे. जमेल तितका इलाज करत, आणि तरीही आवरलं नाही तर वुजू करून नमाज पढत, असं त्यांच्याबद्दल नोंदलेलं आहे. मला यात इलाजाची गोष्ट आधी येते ते फार आवडतं.

जैद पुरुष होते, म्हणून पुरुषांचं बोलते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर काही काळ लघवी ठिबकणं नेहमीचं आहे, बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतं, केगलचा व्यायाम त्यांनाही सांगतात. पण घरातला जो म्हातारा माणूस फजरला सगळ्यांच्या आधी मशिदीत जायचा, तो अचानक घरीच नमाज पढायला लागतो. गुडघे दुखतात म्हणतो. पोरं विश्वास ठेवतात. गुडघे दुखतही असतील, पण अंडरवेअर कोण धुतं त्या सुनेला विचारा. तिला कारण माहीत असतं आणि तिला ते बोलता येत नाही. दादाजींना लघवीचं पॅड मिळतं, हे नातवाने सांगितलं तर जास्त सोपं जाईल. तुम्ही मोबाइलवर सगळं शोधता, हेही शोधून, मागवून, गुपचूप त्यांच्या उशापाशी ठेवता येईल.

हे वाचणाऱ्या मुलींना वाटेल, आमचं अजून यातलं काही नाही. तुमचंही आहे. रोज पातळ पॅड लावायची सवय, "फ्रेश वाटतं" म्हणून, वीस-बावीसच्या मुलींत वाढते आहे. जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवतात, आणि अंगाची नैसर्गिक ओलही घाण वाटायला लागते. सुती चड्डी आणि रोज बदलणं पुरतं. प्रवासात एखादे दिवशी लावलं तर बिघडत नाही. पण रोज लावावंच लागत असेल तर मूळ कारण शोधा.

आणि मुलग्यांनो, अम्मीची औषधाची चिठ्ठी तुम्ही आणता तेव्हा पॅडचं पाकीट ती वेगळं, शेजारणीकडून मागवते. ते मागवावं लागू नये इतकं तुम्ही तिच्याशी बोला. दवाखान्यात नेताना "बाईच्या डॉक्टरकडे जाऊ" एवढं म्हणालात तरी अर्धं काम होतं.

राहिली विल्हेवाट. मोठं, भिजलेलं पॅड टाकायला जागा नसते म्हणून बायका ते पिशवीत घालून घरापर्यंत परत आणतात. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ते वेगळं गुंडाळून द्यायला सांगितलं होतं, ते उचलणारा सफाई कामगारही माणूस आहे म्हणून. शादीखान्याच्या, मदरशाच्या, दर्ग्याच्या बायकांच्या संडासात झाकणाचा डबा क्वचित दिसतो. पुरुषांच्या संडासात कुठेच नसतो, कारण पुरुषाला पॅड लागतं हेच कुणाच्या डोक्यात येत नाही. झाकणाचा डबा, काळ्या पिशव्या आणि आठवड्यातून दोनदा तो रिकामा करणारं कुणीतरी. आमच्या मशिदीत पुरुषांच्या वुजूखान्याशेजारच्या संडासात असा एक डबा ठेवा, म्हणून या शुक्रवारी मी अब्बांच्या हाती कमिटीला चिठ्ठी पाठवते आहे. डबा दुकानाकडून.